रोजचा एक खडा

भूशास्त्र विभागाचा आकडा पडद्यावर उमटला तेव्हा ऋजुता सेलूकरने तोंडापर्यंत नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. आकडा होता अकरा.

"तौफिक, परत चालव."

तौफिकने परत चालवलं. पुन्हा अकराच. तो मूल्यमापन कक्षाचा तंत्रज्ञ. आपल्या यंत्रावर कुणी शंका घेतली की त्याला ती स्वतःच्या चारित्र्यावर घेतल्यासारखी वाटायची. "मॅडम, दहादा चालवलं तरी अकराचे बारा होणार नाहीत. मागच्या वर्षी यांना पहिल्यांदा मोजलं तेव्हा सव्वीस होते, तेव्हाच मी म्हणालो होतो की यांचं काही खरं नाही. तिसाच्या खाली दोनदा गेलं की विभाग बंद. नियम तुम्हीच लिहिलाय."

लिहिला होता खरा. दक्षिण गोदा विद्यापीठाच्या अध्ययन मूल्यमापन कक्षाची ती संचालक. कुठल्या विभागात मुलं खरोखर शिकतात आणि कुठे नुसती हजेरी लागते, हे अख्ख्या विद्यापीठाचं एका मापाने मोजायचं, ही तिची नोकरी. परीक्षांवरचा विश्वास उडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. प्रकल्प यंत्र लिहून देई, उत्तरपत्रिका यंत्र तपासे, आणि मधे विद्यार्थी नावाचा प्राणी होता की नव्हता हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. म्हणून बोधपट्टी आली.

दोन बोटं रुंदीची मऊ पट्टी, कपाळावर बांधायची. तिच्यामागचं विज्ञान तसं जुनंच होतं. आपला मेंदू ऐकता ऐकता पुढचं आधीच ताडून ठेवतो. 'सूर्य उगवतो' एवढं ऐकलं की 'पूर्वेला' त्याने तयारच ठेवलेलं असतं. तिथे कुणी 'पश्चिमेला' म्हटलं, तर अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. ती माणसाला कळतही नाही आणि आवरता तर मुळीच येत नाही. पूर्वी ही लाट शेकडो वेळा मोजून तिची सरासरी काढावी लागायची. नव्या पट्ट्या ती एकेका माणसाची, एकेका वाक्यापाशी टिपू लागल्या आणि सगळं चित्रच पालटलं. विषयाचा एक उतारा ऐकवायचा, त्यात तीन चुका पेरायच्या. ज्याला विषय कळलाय त्याचा मेंदू चुकीपाशी दचकतो. ज्याला कळलेला नाही तो गोष्ट ऐकावी तसा ऐकत राहतो. यात कॉपी नाही, शिफारस नाही, पाठांतर नाही. कागदोपत्री याला बोधांक म्हणत, पण शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे 'दचक' म्हणत. 'यंदा तुमची दचक किती?' हे प्राध्यापक एकमेकांना लग्नकार्यातसुद्धा विचारू लागले होते.

आणि ऋजुताला भूशास्त्र शिकवलं होतं ते याच विभागातल्या धुतराज सरांनी. जिल्ह्यात विहीर कुठे खोदावी, कुठे खोदू नये, हे सांगणारी पोरं तीस वर्षं त्यांच्याच हाताखालून बाहेर पडत होती. त्यांच्या मुलांना भूशास्त्र येत नाही, असं आता तिच्याच सहीने छापून येणार होतं. परवा विद्या परिषदेची बैठक होती.

तिने कप उचलला, चहा पार निवला होता. तो तसाच ठेवून ती भूशास्त्राच्या इमारतीकडे निघाली.

*

सरांचा तास चालू होता. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. सरांनी तिला पाहिलं, किंचित मान हलवली आणि बोलणं चालू ठेवलं.

"म्हणजे लाव्हा जितका सावकाश थंड होईल, तितके त्याचे स्फटिक बारीक होणार."

पहिल्या बाकावरच्या मुलीने मान वर न करताच हात वर केला. "सर, खडा. सावकाश थंड झाला तर स्फटिक मोठे होतात."

"टाक."

मुलगी उठली. टेबलावर गोडेतेलाचा एक जुना डबा होता. शेजारच्या ढिगातला एक खडा उचलून तिने डब्यात टाकला. टण्ण.

ऋजुताला हसू आलं. तिच्या वेळेपासूनची ही रीत. रोजच्या तासात सर एक चूक मुद्दाम सोडत. "तांदूळ निवडल्याशिवाय भात लावायचा नाही," असं ते म्हणत, "आणि माझं बोलणं तर त्याहून निवडून घ्यायचं." ज्याला चूक सापडे, तो डब्यात खडा टाके. वर्षाअखेर ज्याचे खडे जास्त, त्याला सर खाणीत सापडलेला एखादा चमकदार स्फटिक देत. ऋजुताकडे तसा एक अजून होता.

पण आज ते एका चुकीवर थांबले नाहीत. दहा मिनिटांत पुन्हा टण्ण झालं, मग पुन्हा. तास संपेतो डब्यात पाच खडे पडले आणि पाचही वेळा मुलांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. भाजीवाल्याने सुट्टे पैसे परत द्यावेत, तसा ती मुलं सरांना चुका परत देत होती.

मुलं बाहेर गेल्यावर तिने आकडा सांगितला. सर खुर्चीत बसले. डबा त्यांनी जवळ ओढला.

"अकरा," ते म्हणाले. "सव्वीस आले तेव्हा वाटलं, आपणच कुठं तरी कमी पडू लागलो. म्हणून एकाचे पाच खडे केले. बाकीच्या दोघा मास्तरांनाही म्हटलं, तुम्हीपण टाका. पोरांना चुका पकडायची सवय व्हावी म्हणून." ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "करायला गेलो गणपती, झाला मारुती."

"सर, यंत्राचंही काही चुकत असेल."

"कामून चुकंल? तुझंच यंत्र आहे. तुला मी शिकवलंय, तू मोजमापात चुकायची नाहीस." त्यांनी डबा कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतलं. "परवा तू उगं आडवी येऊ नकोस. मीच सांगतो बंद करा म्हणून. तीस वर्षं पोरांना शिकवलं असं वाटत होतं, आता नाही वाटत. त्यात तुझा काय दोष?"

विभाग जाणं वाईट होतं, पण त्याहून वाईट हे, की सरांनी स्वतःपेक्षा त्या पट्टीवर विश्वास ठेवला होता.

*

कक्षात परतल्यावर तिने स्वतःच्याच कपाळावर पट्टी बांधली. "भूशास्त्राचा कुठलाही उतारा लाव. मी लिहिलेला नको, बाहेरून आलेला."

उतारा संपला. तिला तिन्ही चुका कळल्या होत्या, जागच्या जागी. तौफिक पडद्याकडे बघत ओठ चावत होता.

"मॅडम, राग मानू नका. तुमची पदवी भूशास्त्राचीच ना?"

पडद्यावर तिची रेष सपाट होती. सारवलेल्या अंगणासारखी. बोधांक नऊ.

"आता दुसरं काही लाव. काहीही."

त्याने क्रिकेटचा उतारा लावला. त्यात एका षटकात आठ चेंडू टाकले, आणि रेष उसळून पडद्याच्या वरच्या कडेला लागली. त्याने संख्याशास्त्राचा लावला, तिथेही रेष उसळली. पुन्हा भूशास्त्र लावलं आणि रेष पुन्हा आडवी पडली.

ऋजुता पट्टी न काढता तशीच बसून राहिली. मग हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला.

"तौफिक, भात खाताना दाताखाली खडा आला की माणूस दचकतो. कारण खडा असेल असं त्याला वाटलेलंच नसतं. पण ज्याच्या घरच्या भातात रोज खडे निघतात, तो चावतानाच जपून चावतो. त्याला खडा लागतो, तो काढून बाजूला ठेवतो आणि पुढचा घास घेतो. तो दचकत नाही."

"म्हणजे?"

"दचकायला आधी विश्वास लागतो. सांगणारा खरंच सांगणार, असं मेंदूने धरलेलं असलं तरच खोटं ऐकून लाट उठते. सरांनी आम्हाला भूशास्त्र शिकवताना एक गोष्ट सगळ्यात आधी शिकवली, की सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, तपासून घ्यायचं. आपलं यंत्र ज्ञान मोजत नाही. ज्ञान आणि भाबडेपणा मिळून जे होतं, ते मोजतं. सरांनी खडे पाचपट केले, म्हणून आकडा सव्विसाचा अकरा झाला."

चार वर्षं ज्या यंत्राची तौफिकने पाठराखण केली, त्याचे जुने आकडे तो एकेक करून उघडू लागला.

*

कुलगुरू डॉ. कुंदा वैरागडे यांनी तिचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर ऋजुताचं काम सोपं झालं असतं.

"ऋजुता, तुम्ही सांगताय ते खरंही असेल. पण तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. उद्या लोक म्हणतील, संचालकबाईंनी गुरुदक्षिणा दिली. याच पट्टीवर आपण सगळं विद्यापीठ मोजलंय. एका विभागासाठी मी ती मोडीत काढू?"

"त्यांच्या मुलांना समोर बसवून प्रश्न विचारले तरी कळेल, मॅडम."

"आणि उतारा फुटला होता असं कुणी म्हटलं तर? मुलांना उत्तरं पढवली म्हटलं तर? तोंडी उत्तरांवर कुणाचा विश्वास उरला नाही, म्हणून तर तुमचा कक्ष काढला." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यंत्राची चूक यंत्राच्याच तोंडून वदवून दाखवा, सगळ्यांसमोर. तरच ऐकेन. नाहीतर विभाग परवा बंद होईल."

बाहेर पडताना ऋजुताच्या मनात कुणाच्या कपाळावर पट्टी बांधायची हे पक्कं झालं होतं. आणि म्हणूनच सरांना यातलं अवाक्षर सांगता येणार नव्हतं. सांगितलं तर पुरावा बाद. पढवून ठेवलं, असंच लोक म्हणणार.

त्या संध्याकाळी सरांचा फोन आला. तिने घेतला नाही. पुन्हा आला. फोनवर सरांचं नाव लखलखत होतं आणि ती त्याच्याकडे बघत उभी होती. तिसऱ्यांदा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी कक्षाच्या दारात पहिल्या बाकावरची ती मुलगी उभी होती. उत्कर्षा जोंधळे, तिसऱ्या वर्षाची. "मॅडम, सर आज वाचून दाखवत होते. पुस्तकातलं. एकपण खडा नाही. कुणी काही विचारलं की म्हणतात, पुस्तकात आहे तेच खरं." तिचा आवाज कापत होता. "तुम्ही याच विभागातल्या ना? मग तुम्ही आमचं असं कामून केलंत?"

"उद्या बैठक आहे," एवढंच ऋजुता म्हणाली.

"आम्हाला माहितीय बैठक आहे ते," मुलगी म्हणाली आणि जिना उतरून गेली.

*

विद्या परिषदेच्या बैठकीत दरवर्षी एक रिवाज होता. सदस्यांनी दहा मिनिटं स्वतः पट्टी बांधून बघायची, म्हणजे पुढे कुणी तिच्या नावाने ओरडायला नको. एरवी हा हसण्याखिदळण्याचा कार्यक्रम असे. बडीशेप-खडीसाखरेच्या बशा फिरत, एकमेकांच्या कपाळावरच्या पट्ट्या बघून लोक बारशाला जमल्यासारखे खूश होत.

आज विषयपत्रिकेवर भूशास्त्राचं नाव होतं, तरी हसणारे हसतच होते. धुतराज सर विभागप्रमुख म्हणून कोपऱ्यात बसले होते. ऋजुता आत आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांच्यापलीकडे वित्त अधिकारी पटवेकर होते. कमी मुलांचा विभाग म्हणून भूशास्त्र बंद करा, हे ते गेली काही वर्षं कंठरवाने सांगत होते. जेवण नुकतंच झालं असल्यामुळे या क्षणी मात्र ते पेंगत होते.

सर उठले. "माझं एक म्हणणं आहे. आकडा बघितला. विभाग बंद करावा. पोरांचं नुकसान..."

"सर, आधी पट्टी," ऋजुता मधेच म्हणाली. आजवर तिने सरांचं बोलणं असं कधी तोडलं नव्हतं. सभागृहात कुजबुज झाली. सरांनी तिच्याकडे बघितलं, मग पट्टी बांधून घेतली.

भूशास्त्राच्या उताऱ्यांची यादी तिने कुलगुरूंपुढे धरली. "मॅडम, यातला कुठलाही एक तुम्हीच निवडा."

कुलगुरूंनी एकावर बोट ठेवलं. यंत्राचा सपाट आवाज सभागृहात घुमला. बेसाल्ट खडकाचे थर, त्यांतलं पाणी, दोन थरांमधली तांबडी माती, पोकळ्यांमधले पांढरे स्फटिक. उतारा संपला तसा ऋजुताने मोठ्या पडद्यावर तीन रेषा घेतल्या. नावं झाकलेली होती.

"यंत्राला विचारते, यांतलं भूशास्त्र कुणाला येतं?"

पहिल्या रेषेला तीन टेकाडं होती. यंत्राने तिच्यासमोर 'जाणकार' लिहिलं. दुसरी आणि तिसरी रेष आडवी. दोन्हींपुढे उमटलं: 'विषयाचा बोध नाही'.

"या दोन आडव्या रेषांत कुणाला काही फरक दिसतो?" तिने विचारलं. कुणालाच फरक दिसला नाही, कारण तो नव्हताच. तिने नावं उघडली.

पहिली रेष विज्ञान शाखेच्या अधिष्ठात्यांची. ते खूश झाले.

दुसरी पटवेकरांची. हशा पिकला. पटवेकर दचकून जागे झाले.

तिसऱ्या रेषेवरचं नाव वाचलं आणि हशा जागच्या जागी विरला. प्रा. गुणवंत धुतराज, भूशास्त्र.

"यंत्राचं म्हणणं असं," ऋजुता म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, "की ज्यांनी या जिल्ह्याला तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, त्यांना भूशास्त्र येत नाही. पटवेकर साहेबांना जितकं येतं, तितकंच यांना येतं. एक माणूस पेंगत होता म्हणून रेष आडवी. दुसरा चुकीची वाटच बघत होता म्हणून आडवी. यंत्राला दोन्ही सारखेच. आता मी फक्त विचारते. सर, उताऱ्यात खडे किती होते?"

सर पडद्यावरच्या स्वतःच्या नावाकडे बघत होते. एक क्षण तिला वाटलं, ते बोलणारच नाहीत. यंत्राने सांगितलं तेच खरं मानून खाली बसतील, आणि सगळं संपेल.

"चार," सर म्हणाले.

खडे तीन होते. उतारा तिनेच लिहिला होता.

"घट्ट एकसंध खडकात पाणी जास्त म्हणे. उलट आहे. पाणी फुटलेल्या, झिजलेल्या थरात असतं. हा एक." सर एकेक बोट दुमडत होते. "तांबडी माती खालच्या थराने भाजली म्हणे. भाजतो तो वरचा, मागून आलेला लाव्हा. दोन. पांढरे स्फटिक लाव्हासोबत वर आले म्हणे. ते मागाहून पाण्याने पोकळ्यांत भरले. तीन."

"सर, तीनच..."

"थांब की. पोकळ्या लाव्हाच्या थराच्या फक्त माथ्यावर असतात, असं म्हटलंय त्यात. बुडाशीपण असतात, नळ्यांसारख्या. खाणीवर तुला दाखवल्या होत्या, तू बोट घालून बघितल्या होत्यास. विसरलीस?"

विसरली होती. ऋजुताचे कान तापले. "सर, तो चौथा मी मुद्दाम घातला नव्हता."

"मग तोच खरा खडा," सर म्हणाले. आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं. तिचे न घेतलेले फोन, तोडलेलं बोलणं, सगळं त्यांना त्या एका नजरेत कळलं असावं. "अस्सं होय," ते हळूच म्हणाले.

कुलगुरूंनी कपाळावरची पट्टी सोडून टेबलावर ठेवली. "बाकीच्या विभागांचे आकडेही मग परत बघावे लागतील."

"हो, मॅडम. विचारून. सुरुवात माझ्या उताऱ्यांपासून."

"भूशास्त्राचा विषय स्थगित. त्यांच्या मुलांना सोमवारी बोलवा, मी स्वतः विचारणार आहे." एवढं बोलून त्या थांबल्या आणि खुर्चीत जरा पुढे सरकल्या. "धुतराज सर, या नळ्या बुडाशी कशा होतात हो?"

त्या सभागृहात कित्येक वर्षांत कुणी कुणाला असा प्रश्न विचारला नव्हता. सर उठून पुढे आले. फळा नव्हता, म्हणून त्यांनी हातांनीच थर दाखवायला सुरुवात केली. "लाव्हा बुडाकडून गोठत वर येतो. त्यात अडकलेला वायू वर निसटू बघतो, आणि त्याच्यामागे नळी उरते. वरचा लाव्हा अजून वाहत असतो, त्यामुळे नळीचा शेंडा वाकतो. म्हणून नळी बघून सांगता येतं, की कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा कुठल्या दिशेने वाहत होता. समजा, पूर्वेला वाहत असेल, तर शेंडा वाकणार पश्चिमेला."

ऋजुताने ओठ घट्ट मिटले. पुढे झालेल्या शरीराला तिने खुर्चीत मागे ओढलं. अधिष्ठाते माना डोलावत होते. कुलगुरू लिहून घेत होत्या. सर शांतपणे वाट बघत उभे होते, एकेकाच्या तोंडाकडे बघत.

"अहो, थांबा, थांबा," पटवेकर म्हणाले. त्यांची झोप कुठल्या कुठे पळाली होती. "वाहतंय पूर्वेला, तर शेंडा पश्चिमेला कसा वाकंल? पुरात गवत बघा की. पाणी जिकडं, तिकडंच झोपतं. हे काही बरोबर वाटंना मला."

"सापडला," धुतराज सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "टाका."

"काय टाका?"

ऋजुताने उठून आपला रिकामा स्टीलचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. पटवेकरांनी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं आणि समोरच्या बशीतला खडीसाखरेचा एक खडा उचलून ग्लासात टाकला. टण्ण आवाज झाला. त्यांच्या कपाळावर पट्टी अजून तशीच होती, पण पडद्यावर काय उमटलं ते कुणी बघितलंच नाही.